चौफुल्याचा म्हणून दिलेला गूळ

शेवंती फुलायला लागली की मला दवाखान्याचा वास येतो. स्पिरिटचा, फिनेलने पुसलेल्या लादीचा, आणि त्यातूनच मधे मधे येणारा ओल्या फुलांचा. हे मी बायकोला एकदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवानं तुमचं नाक उलटं बसवलंय." तिला कारण माहीत होतं. तरी म्हणाली.

दसरा उलटला की आमच्या निमोण्यात सकाळी अंगात स्वेटर लागतो. दहिवर पडलेलं असतं. बायका फुलं टाकायला कमरेला ओटा बांधून शेवंतीच्या सरीत उतरतात, गुडघ्यापर्यंत लुगडी भिजतात, आणि ऊन अंगावर येईपर्यंत कोणी फारसं बोलत नाही. मग एकजण कोणाच्या तरी सुनेचा विषय काढते आणि सगळं रान बोलायला लागतं. यंदाही तसंच झालं. परवा मी बांधावर उभा होतो, क्रेट भरत होते, वारा माझ्याकडे होता. मी वाट बघितली. वास आला तो फक्त शेवंतीचा. सात वर्षांनी. बराच वेळ मी तिथंच उभा राहिलो, तर एक बाई म्हणाली, "नाना, फुलं मोजायला ठिवलंय का तुमाला कुणी?"

ते कसं झालं ते लिहून ठेवायचं आहे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, कोणाला किती तास, कोणाचं रान किती, हे लिहिण्यात नोकरी गेली. तिथं मी खोटी नोंद केली नाही. केली ती घरात, आणि तीही अशी की सगळ्यांनी ती खरी धरली, वर मला शाबासकी दिली. म्हणून आधी एक वाक्य सरळ लिहितो. माझे थोरले बंधू आप्पा ज्या व्हेंटिलेटरवर जगले त्याचं बिल मी भरलेलं नाही. ते आमच्या बहिणीनं, इंदूअक्कानं भरलं. माझ्या फंडातला एक रुपया त्यात नव्हता, कारण फंड त्याआधीच मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गेला होता.

आम्ही तिघं. आप्पा सगळ्यांत थोरले, त्यांच्या पाठची इंदूअक्का, आणि मी शेंडेफळ. अक्काला दौंडजवळ दिली. तिच्या सासरी गुऱ्हाळ आहे. भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याकडे निघालं की ह्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगाला गुऱ्हाळांचा धूर दिसतो आणि उकळत्या रसाचा वास गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येतो. माझ्या लहानपणी अक्का भाऊबीजेला यायची नाही, आम्ही जायचो. आप्पा म्हणायचे, "तिच्या गुऱ्हाळाची पहिली काहील आपुन गेल्याशिवाय उतरत न्हाई." खरं खोटं त्यांनाच ठाऊक. पण आम्ही गेलो की खरंच काहील उतरायची आणि गरम काकवी वाटीत मिळायची.

सात वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर आप्पांना ताप आला. फुलाला भाव होता, म्हणून त्यांनी ताप अंगावर काढला. गावातल्या डॉक्टरकडे दोनदा सलाईन लावून परत सरीत उतरले. तिसऱ्या दिवशी त्यांना बोलताना दम लागायला लागला, नखं निळी दिसायला लागली. शिरूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला आणि आम्हाला खाली बसूसुद्धा दिलं नाही. "पुण्याला न्या. आत्ता."

पुण्याच्या त्या दवाखान्यात पहिल्या दिवशी आप्पा शुद्धीत होते. तोंडाला मास्क होता. मला त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं, मास्क बाजूला केला, नर्स ओरडली, तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"दत्तू, मशिनीवर टाकत्याल मला?"

"डॉक्टर म्हणतात, लागेल."

"लागूंदे. पर विहिरीच्या रानाला हात लावायचा न्हाई. माझी आन हाय तुला."

मी म्हणालो, "नाही लावत." मग त्यांना गुंगीचं औषध दिलं, घशात नळी घातली, आणि पुढचे अठरा दिवस आप्पांचा श्वास ते यंत्र घेत होतं.

विहिरीचं रान म्हणजे आप्पांचा जीव. तरुणपणी त्यांनी स्वतः पहार मारून ती विहीर पाडली होती. काळ्या कातळाला पाणी लागलं तेव्हा ते खालून ओरडले आणि आईला वाटलं दरड कोसळली. पण त्या रानाची कागदावरची गोष्ट वेगळी होती, आणि ती माझ्या हुशारीची होती. वडील गेले तेव्हा मी नुकताच खात्यात लागलो होतो. दोघा भावांच्या नावावर रान कमी दिसलं तर अल्पभूधारकाचा दाखला मिळतो, पाइपलाइनला सवलत मिळते, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, विहिरीचा तुकडा इंदूअक्काच्या नावावर लावू. कागदापुरता. अक्कानं चावडीत येऊन सही केली आणि भेळ खाऊन गेली. रान कसायचे आप्पा, सातबारा अक्काचा. आमच्याकडे अर्ध्या गावाची रानं अशी आहेत. कागद एक सांगतो, बांध दुसरं सांगतो, आणि सगळं नीट चाललेलं असतं, कोणी आजारी पडेपर्यंत.

त्या अठरा दिवसांचा खर्च कसा व्हायचा ते आता सांगितलं तर पोरांना नवल वाटत नाही, पण आम्हाला ते सगळंच नवीन होतं. आम्हाला वाटलं होतं, दवाखान्याचं एक बिल असतं. तिथं खाटेचं वेगळं, यंत्राचं वेगळं, ऑक्सिजनचं वेगळं, तपासायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचं वेगळं. मूत्रपिंड थकलं तेव्हा रक्त धुवायच्या यंत्राचं वेगळं. ह्याशिवाय दर दोन-तीन तासांनी आतून चिठ्ठी यायची आणि ती घेऊन मी तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचो. हातमोजे, नळ्या, सुया, आणि काही इंजेक्शनं अशी की शीशी माझ्या अंगठ्याएवढी. पहिल्या दोन दिवसांत मी घरातलं होतं ते दिलं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. दवाखाना सरकारी योजनेत नव्हता, आणि ज्या दवाखान्यात योजना होती तिथं व्हेंटिलेटरची खाट रिकामी नव्हती. न्यायचं म्हटलं तरी वाटेत काय होईल ह्याची हमी कोणी देत नव्हतं.

मला रुपयांत हिशेब झेपेना. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की एका दिवसाला जेवढं जातं तेवढ्यात आमच्याकडे एक चांगली दुभती गाय येते. तेव्हापासून मी गायीच मोजू लागलो. संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडायचे. हिरवा गाऊन घालायचा, चपला बाहेर. आप्पांची छाती यंत्राच्या तालावर वर व्हायची, खाली व्हायची. मी पायथ्याशी उभा राहून मनात म्हणायचो, आज सातवी गाय गेली. मग स्वतःची लाज वाटायची. सख्खा भाऊ समोर पडलाय आणि तू गोठा मोजतोयस. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचो.

येणं-जाणं फुलांच्या टेम्पोतून व्हायचं. वहिनी पहाटे गड्यांबरोबर फुलं तोडायच्या, क्रेट भरले की त्याच टेम्पोत पुढं बसायच्या आणि मार्केट यार्डात उतरून रिक्षानं दवाखान्यात यायच्या. त्यांच्या हातांना शेवंतीचा कडवट वास असायचा. बाहेरच्या बाकावर त्या माझ्या शेजारी बसायच्या, हात मांडीवर पालथे टाकून. तो वास आणि फिनेलचा वास माझ्या डोक्यात तिथं एकत्र झाला.

रोज दुपारी एक तरुण डॉक्टर आम्हाला छोट्या खोलीत बोलवायचे. भला माणूस होता. खोटी आशा लावायचा नाही. "फुप्फुसं थोडी साथ द्यायला लागलीत, पण खात्री देता येत नाही. अजून चार-पाच दिवस यंत्र ठेवून बघावं लागेल. चालू ठेवायचं का, ते तुम्ही ठरवा." ठरवायचं म्हणजे काय? एखादा मोटर दुरुस्त करणारा विचारतो, वाइंडिंग नवं करू का जुन्यावर चालवू, तसा तो प्रश्न होता. मी दरवेळी "ठेवा" म्हणून बाहेर यायचो आणि जिन्यात बसायचो.

बाकावर कोरेगाव भीमाचे एक गृहस्थ असायचे. त्यांची बायको आप्पांच्या शेजारच्या खाटेवर. ते रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान चालवायचे. मोठे गमत्ये. मला म्हणायचे, "नाना, आपल्या दोघांच्या पेशंटला हवा भरायचं मशीन एकच कंपनीचं हाय. माझ्या दुकानातल्याचं मात्र भाडं कमी हाय, दोन रुपयं." नवव्या दिवशी सकाळी ते आले नाहीत. दुपारी आले आणि चटई गुंडाळायला लागले. बायकोला घरी नेणार होते, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून. मला थर्मास दिला. "तुमाला लागंल. आमचं झालं." मी तो घेतला. त्यांनी काही चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांचं बायकोवर प्रेम कमी नव्हतं. आमच्याकडे विकायला विहिरीचं रान होतं, त्यांच्याकडे टपरी होती. फरक तेवढाच होता. तो थर्मास अजून घरात आहे.

त्याच दुपारी मी अक्काला सांगितलं, विहिरीचं रान विकावं लागेल. ती दौंडहून सकाळच्या शटलनं रोज यायची, डब्यात भाकरी आणि पिठलं घेऊन. मी आन वगैरे सगळं सांगितलं. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"गिऱ्हाईक हाय का?"

"रांजणगावकडचा एकजण आहे. गोडाऊन बांधायचंय त्याला. इसार आठ दिवसांत देतो म्हणाला, पण लगेच मागितला तर भाव पाडेल."

"पाडूंदे."

"अक्का, कागदावर तुझं आहे. उद्या तुझी पोरं म्हणतील..."

"माझी पोरं काय म्हणायची ती मला म्हणत्याल. तू आंगठा कुठं लावायचा ते सांग."

"तुला सही येते की."

"मग सही कुठं करायची ते सांग, शाण्या."

तिसऱ्या दिवशी तिनं शिरूरला येऊन सही केली. इसाराचे पैसे मी पिशवीतून दवाखान्याच्या खिडकीवर दिले. बाकीचे खरेदीच्या दिवशी आले, तेही तिकडेच गेले. अक्कानं परत जाताना माझ्याकडे शटलच्या तिकिटापुरते मागितले, कारण तिच्या पिशवीत सुट्टे नव्हते.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घातली. घशातली नळी जास्त दिवस ठेवता येत नाही म्हणाले. त्या दिवशी अक्का आत गेली होती. बाहेर आली ती भिंतीला धरून. "कोंबडी सोलल्यावानी गळा दिसतोय रं त्याचा," म्हणाली आणि दिवसभर पाणीसुद्धा प्यायली नाही. पण त्यानंतर आप्पा सुधारायला लागले. यंत्राचा जोर कमी करत करत अठराव्या दिवशी ते बंद केलं. गळ्यातली नळी तशीच होती, आप्पा तिच्यातून स्वतःचा श्वास घेत होते, बारीक शिट्टीसारखा आवाज करत. तसला गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. नर्सनं पाटी आणि खडू दिला. आप्पांनी वाकड्यातिकड्या अक्षरात पहिला शब्द लिहिला. मला वाटलं पाणी, किंवा वहिनींचं नाव. त्यांनी लिहिलं होतं, "विहीर".

मी म्हणालो, "आहे. तिथंच आहे." विहीर तिथंच होती, हे खरंच होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही सांगायचं नाही. पण घरी गेल्यावर रानाभोवतीचं तारेचं कुंपण दिसणारच होतं. मी आणि अक्का जिन्यात बसलो. तिनंच सुचवलं.

"सांग, मी हिस्सा मागितला म्हणून. माझ्या नावावर होतं, मी इकलं आन् पैसं घेऊन गेले."

"वेडी झालीस का? तोंड बघणार नाही तुझं."

"न बघू दे. माझ्यावर चिडंल, शिव्या दील, त्यानं माणूस मरत न्हाई. आपल्यापायी रान गेलं हे कळलं तर अंथरुणाला खिळंल बघ. मी वळखते त्याला." मग म्हणाली, "गुढीपाडव्यापातूर ठीक हुईल. पाडव्याला सांग खरं."

मी हो म्हणालो. आणि मग बिल कुठून भरलं ह्या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून मी आपण होऊन माझा फंड पुढं केला. ती भर माझी. अक्कानं ती सांगितली नव्हती.

गावाला हे पटायला एक दिवससुद्धा लागला नाही. बहिणीनं भाऊ मरणाच्या दारात असताना हिस्सा काढून नेला, आणि धाकट्या भावानं आयुष्याची पुंजी ओतली. लोकांना असं काही ऐकायला आवडतं. आप्पा हिंडाफिरायला लागल्यावर त्यांनी देवळात जेवण घातलं आणि सगळ्यांसमोर मला फेटा बांधला. आवाज बसका झाला होता, तो आजही तसाच आहे. त्या घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "ह्यो हाय म्हणून मी हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायकोनं फेटा खुंटीला टांगला. म्हणाली, "झकास. फंड गेला फ्लॅटात, नाव झालं फेट्यात."

पाडवा आला. मी सांगितलं नाही. त्यांची तब्येत अजून नाजूक आहे, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या पाडव्याला तब्येत ठणठणीत होती, तेव्हा मला दुसरं कारण लागलं. तोपर्यंत मला त्या फेट्याची सवय झाली होती. आप्पा पाहुण्यांपुढे माझी ओळख करून द्यायचे तेव्हा मी खाली बघायचो आणि लोकांना वाटायचं, विनयशील माणूस आहे. अक्कानं एका लग्नात विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हणालो, "सांगतो." त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. त्याच लग्नात आप्पा तिला बघून मांडवाच्या दुसऱ्या दारानं निघून गेले. गळ्यावरचा व्रण झाकायला ते बारा महिने मफलर गुंडाळायचे, वैशाखातसुद्धा. तिला फक्त पाठमोरा मफलर दिसला.

भाऊबीजेला मी एकटा दौंडला जायचो. अक्का मला ओवाळायची. शेजारी दुसरा पाट मांडलेला असायचा, तो रिकामा.  निघताना ती गुळाची एक ढेप फडक्यात बांधून द्यायची. "दे त्याला. माझं नाव सांगू नगं." मी घरी येऊन आप्पांना सांगायचो, चौफुल्यावर घेतला. ते चहात तो गूळ घालायचे, भाकरीबरोबर खायचे आणि म्हणायचे, "चौफुल्याच्या गुळाला चव हाय बघ. आपल्या इंदीच्या घरचा असाच असायचा." नाव निघालं की वाटी खाली ठेवायचे. मी वाटी उचलून मोरीत ठेवायला जायचो.

सात हिवाळे त्यांनी बहिणीचा गूळ खाल्ला आणि बहिणीचं तोंड बघितलं नाही. हे मी बसून बघितलं. यंदा अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय असं कळलं, आप्पाही अठ्ठ्याहत्तरचे झाले, आणि मला भीती वाटायला लागली की दोघांतलं एक जाईल आणि मी उरेन, खोट्यासकट.

तरीही मी आपण होऊन सांगितलं नाही, हेही लिहायला हवं. वेळ आप्पांनीच आणली. दसऱ्यानंतर एक दिवस ते म्हणाले, "दत्तू, चल शिरूरला. वरच्या रानातलं अर्धा एकर तुझ्या नावावर करतो. तुझा फंड मी बुडवला, पोरींनाबी इचारलंय, त्यांची ना न्हाई." मी आढेवेढे घेतले. त्यांनी ऐकलं नाही. कचेरीसमोर दस्त लिहिणारा बसतो, त्याच्या टपरीत आम्ही बाकावर बसलो. चहा आला. त्यानं कागद टाइप करून वाचून दाखवला. गट नंबर, चतुःसीमा, आणि मग, "माझे आजारपणात माझे धाकटे बंधू यांनी स्वतःचे फंडाची रक्कम खर्चून माझा जीव वाचविला, त्या उपकाराची जाणीव ठेवून प्रेमापोटी सदर क्षेत्र त्यांना बक्षीस देत आहे. वरील मजकूर खरा व बरोबर आहे." पेन माझ्या हातात दिलं. "घेणाऱ्यानं इथं सही."

असे हजार कागद मी आयुष्यात लिहिले असतील. पेन ठेवलं.

"चुकलंय," मी म्हणालो.

दस्त लिहिणारा वैतागला. "काय चुकलं? गट नंबर?"

"गट नंबर बरोबर आहे."

"मग चतुःसीमा?"

"चतुःसीमाही बरोबर आहे. फंड चुकलाय." आणि मग मी आप्पांकडे बघून, एका दमात, आन मोडल्यापासून चौफुल्याच्या गुळापर्यंत सगळं सांगून टाकलं. दस्त लिहिणाऱ्यानं पंखा हळू केला, नीट ऐकू यावं म्हणून.

आप्पांनी बशीत चहा ओतला. चहा संपवला. बशी पुसून ठेवली. दस्त लिहिणाऱ्याला पूर्ण पैसे दिले. मग इतकंच म्हणाले, "आन् मी फेटा बांधला तुला." उठले आणि एस.टी. स्टँडकडे चालायला लागले. मी गाडी घेऊन मागं गेलो, तर ते निमोण्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते, दुसरीकडे तोंड करून. मी एकटा घरी आलो. वाटेत मला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती भूक. घरी आल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायको बघतच राहिली. "सांगितलंत वाटतं," म्हणाली.

पुढचे दहा-बारा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. निरोप वहिनींमार्फत यायचे. "त्याला म्हणावं, मोटरची चावी दे." मी समोर उभा असताना. दिवाळीचं अभ्यंग झालं, फराळ झाला, त्यांनी मी पुढं केलेली चकली उचलली आणि परत ठेवली. मला त्याचं वाईट वाटत होतं आणि बरंही. जी शिक्षा सात वर्षं अक्का भोगत होती ती अखेर बरोबर पत्त्यावर आली होती.

भाऊबीजेला सकाळी दारात हाक आली. आप्पा. धुतलेलं धोतर, टोपी, मफलर, काखेत पिशवी. माझ्याकडे न बघता गाडीला म्हणाले, "दौंडला जायचं हाय."

न्हावरं गेलं, पारगावचा पूल गेला, आप्पा खिडकीबाहेर बघत होते. अक्का अंगणात होती. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. तिला आधी मी ओळखू आलो, मग शेजारचं माणूस. ती जागची हलली नाही. आप्पाच चालत गेले.

"इंदे."

"आला व्हय," ती म्हणाली. जसं काय ते बाजारातून परत आले होते.

आत दोन पाट मांडलेले होते. आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या लबाडाला बाहीर बसव. ह्याला ववाळायचं न्हाई."

"मग मलाबी बाहीर काढ. खोटं मीच शिकीवलं त्याला."

"तू चार-पाच म्हयन्यांचं शिकीवलंस. ह्यानं सात वरसं पिकीवलं."

"बरं, मग त्याला खुर्चीवर बसव. पाटावर नगं." अक्काचा नातू हसला आणि आम्ही सगळेच हसलो. मी खुर्चीवर बसलो.

आप्पांनी पिशवीतून साडी काढली, हिरवी, जरीच्या काठाची. मग म्हणाले, "वरच्या रानातलं अर्धा एकर तुझ्या नावावर लावतो."

"नगं रं बाबा," अक्का म्हणाली. "एकदा माझ्या नावावर लावलंत तेवढं रगड झालं. साडी दे."

तिनं निरांजन पेटवलं. कुंकू लावायला वाकली आणि थांबली. "ते काढ की आधी," म्हणाली. आप्पांना कळलं नाही. तिनं मफलरला हात लावला. "मी बघितला तवा नळी होती तिथं. डोळं मिटलं की तेच दिसायचं मला. काढ."

आप्पांनी हळूहळू मफलर सोडला, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि हनुवटी वर केली. अक्का अगदी जवळ गेली, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून. मग अंगठ्यानं तो व्रण चाचपला. पावलीएवढा खळगा, आत ओढलेला, गुळगुळीत.

"लई चांगलं मिटलंय की रं," ती म्हणाली. पुन्हा एकदा हात फिरवला. "मला वाटलं उघडंच असंल."

आप्पा हनुवटी वर करूनच बसले होते. तिनं ओवाळलं तेव्हाही.

परतताना मफलर त्यांच्या मांडीवर होता, आणि त्यावर फडक्यात बांधलेली ढेप. चौफुल्याच्या अलीकडे गुऱ्हाळं लागली. आप्पांनी काच खाली केली. धूर आणि रसाचा वास गाडीत शिरला.

"ह्योच व्हय चौफुल्याचा गूळ?" ते म्हणाले. बारा दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"हाच."

"खोटारड्या," म्हणाले, आणि उघड्या गळ्यानं छातीभरून श्वास घेतला. मग आणखी एक. मी गाडी हळू केली.